‘स्टॅटिक एसक्यूएल’ या संज्ञेचा अर्थ : प्रचलित व्याख्यांची एक चिकित्सा

प्रस्तावना

अध्यापनात काही संज्ञा इतक्या सरावाच्या होतात, की त्यांचा अर्थ पुन्हा तपासून पाहावा असे शिकविणाऱ्यास वाटेनासे होते. डेटाबेस प्रोग्रॅमिंगमधील ‘स्टॅटिक एसक्यूएल’ ही अशीच एक संज्ञा होय. पदवीचा विद्यार्थी तिची व्याख्या एका ओळीत पाठ करतो, परीक्षक त्या ओळीस गुण देतो आणि घटक संपतो. त्या एका ओळीत नेमके काय सांगितले गेले, हा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही.

प्रस्तुत लेखाचे निमित्त एक उत्तरपत्रिका आहे. जालना जिल्ह्यातील ग्रामीण भागातून आलेल्या व दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या एका विद्यार्थ्याने अंतर्गत परीक्षेत या संज्ञेची व्याख्या लिहिताना इंग्रजी वाक्य अर्धवट सोडून दिले होते. पुढे त्याने मराठीत लिहिले होते, की हा प्रकार सातबाऱ्याच्या छापील कोऱ्या नमुन्यासारखा असतो. रकाने आधीच ठरलेले असतात, नाव व गट क्रमांक मात्र ज्याचा त्याचा. ‘कम्पाइल टाइम’ हा अपेक्षित शब्द उत्तरात नसल्यामुळे प्रस्तुत लेखकाने त्यास पाचपैकी एक गुण दिला. त्याच गठ्ठ्यातील दुसऱ्या एका उत्तरात, ज्यातील माहिती बदलत नाही ते स्टॅटिक एसक्यूएल, ते वेगवान असते पण लवचीक नसते, अशा आशयाची वाक्ये शुद्ध इंग्रजीत होती. त्या उत्तरास चार गुण मिळाले. पुढील वर्षी हाच घटक शिकविण्याची वेळ आली तेव्हा लक्षात आले, की पहिले उत्तर बरोबर होते व दुसरे चुकीचे. तोवर गुणपत्रके वाटून झाली होती. चूक एका परीक्षकाची असली, तरी तिचे मूळ प्रचलित व्याख्येत आहे असे वाटल्यावरून ही चिकित्सा हाती घेतली आहे.

उद्दिष्टे

१. ‘स्टॅटिक एसक्यूएल’ या संज्ञेत ‘स्टॅटिक’ नेमके काय असते, याचा शोध घेणे.
२. वर्गात रूढ असलेल्या व्याख्या वेगवेगळ्या डेटाबेस प्रणालींच्या प्रत्यक्ष व्यवहारास कितपत उतरतात, हे तपासणे.
३. संज्ञेचा अर्थ व प्रणालीची सुरक्षितता यांतील संबंध स्पष्ट करणे.
४. अध्यापनासाठी योग्य मराठी पर्याय सुचविणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी प्रारंभी थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. १९७० मध्ये आयबीएम या कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात मांडण्याचा संबंधात्मक सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉईस यांनी १९७४ मध्ये ‘सीक्वेल’ नावाची भाषा मांडली. हीच पुढे ‘एसक्यूएल’ झाली. या भाषेचे वैशिष्ट्य असे, की काय हवे ते तीत सांगायचे असते. ते कसे शोधायचे हे प्रणालीने ठरवायचे असते. शोधण्याच्या या ठरावास आपण ‘शोधयोजना’ म्हणू.

येथेच एक अडचण उभी राहिली. बँक, विमा, कारखाने यांचे कामकाज कोबोल किंवा पीएल/वन या भाषांतील प्रोग्रॅमवर चालत असे. एसक्यूएलमधील वाक्य या प्रोग्रॅममध्ये पेरावयाचे झाल्यास प्रत्येक वेळी ते वाचणे, त्याचे व्याकरण तपासणे, तक्ते व रकाने अस्तित्वात आहेत काय ते पाहणे, अधिकार पडताळणे आणि शोधयोजना आखणे हा सर्व खटाटोप करावा लागणार. एकच प्रश्न दिवसातून हजारो वेळा विचारला जाणार असेल, तर हा खर्च हजारो वेळा का करावा? आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ या संशोधन प्रकल्पात रेमंड लॉरी यांनी यावर मार्ग दाखविला. एसक्यूएलचे वाक्य प्रोग्रॅम चालण्यापूर्वीच यंत्रभाषेतील एका लहान क्रमिकेत उतरविता येते, हे त्यांनी ओळखले. प्रोग्रॅम चालू असताना केवळ त्या तयार क्रमिकेस हाक मारावयाची.

आयबीएमने १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘डीबी टू’ या प्रणालीने हीच पद्धत व्यवहारात आणली. १९८६ मध्ये अमेरिकेत व १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर एसक्यूएलचे मानक निश्चित झाले. चालू प्रोग्रॅमने स्वतः वाक्य रचून ते डेटाबेसकडे पाठविण्याची पद्धत, म्हणजेच ‘डायनॅमिक एसक्यूएल’, मानकात दाखल झाली ती १९९२ मध्ये. पूर्वी पेरलेल्या वाक्यास ‘स्टॅटिक’ म्हणण्याची गरज दुसरा प्रकार समोर असल्यामुळेच भासते. म्हणून या संज्ञेचा अर्थ एकटा लावता येत नाही. तो नेहमी जोडीने लावावा लागतो.

प्रचलित व्याख्या व त्यांतील दोष

वर्गात, टिपणांत व उत्तरपत्रिकांत साधारणतः चार व्याख्या आढळतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिली व्याख्या : ज्यात माहिती बदलत नाही ते स्टॅटिक. ही व्याख्या सर्वस्वी चुकीची आहे. तक्त्यात नवी नोंद घालणारे, असलेली नोंद दुरुस्त करणारे किंवा वगळणारे वाक्यही स्टॅटिक असू शकते. बँकेच्या खात्यात दररोज होणारी जमा व खर्चाची नोंद स्टॅटिक वाक्याने होते आणि तीमुळे माहिती क्षणोक्षणी बदलते.

दुसरी व्याख्या : ज्यातील मूल्ये प्रोग्रॅममध्ये पक्की लिहून ठेवलेली असतात ते स्टॅटिक. हीदेखील टिकत नाही. एक उदाहरण घेऊ. जमिनीच्या नोंदींच्या तक्त्यातून खातेदाराचे नाव काढावयाचे आहे. वाक्य असे लिहिता येईल :

सिलेक्ट खातेदार इंटू :नाव फ्रॉम जमीन व्हेअर गाव = :गाव अँड गट = :गट

ज्या शब्दांपूर्वी विसर्गासारखी दोन टिंबे आहेत, ती यजमान भाषेतील, म्हणजे कोबोल, सी वगैरेंतील, चले होत. प्रोग्रॅम चालेल तेव्हा त्यांत बदनापूर तालुक्यातील एखादे गाव येईल किंवा मंठा तालुक्यातील. गट क्रमांक ५ असेल किंवा ५०५. मूल्य प्रत्येक वेळी बदलते. तरीही हे वाक्य शुद्ध स्टॅटिक आहे, कारण कोणत्या तक्त्यातून, कोणत्या रकान्यांवरून, कोणत्या अटींवर शोधावयाचे हे आधीच ठरले आहे.

तिसरी व्याख्या : ज्याची शोधयोजना आधीच तयार असते ते स्टॅटिक. ही व्याख्या अर्धसत्य असल्यामुळे अधिक फसवी आहे. तिचा विचार पुढील विभागात स्वतंत्रपणे केला आहे.

चौथी व्याख्या : स्टॅटिक म्हणजे वेगवान व ताठर, डायनॅमिक म्हणजे संथ व लवचीक. ही मुळात व्याख्याच नव्हे. ती परिणामांची यादी आहे, आणि तीही नेहमी खरी ठरत नाही. घोडा म्हणजे काय, या प्रश्नास ‘तो वेगाने धावतो’ असे उत्तर देण्यासारखा हा प्रकार आहे.

आता पहिल्या विद्यार्थ्याच्या उत्तराकडे वळू. महाराष्ट्रात महसुली दप्तराचे गाव नमुने ठरलेले आहेत. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेखपत्रक, गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोहोंचा मिळून सातबारा होतो. गाव नमुना सहा ही फेरफार नोंदवही. कोणत्या नमुन्यात कोणते रकाने असावेत, हे गावपातळीवर ठरत नाही. ते शासनाने नियमांनी ठरविलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या आपण ज्यास तलाठी म्हणून ओळखत आलो, तो कर्मचारी रकान्यांत मजकूर भरू शकतो. नवा रकाना मात्र आपल्या मर्जीने आखू शकत नाही. खातेदार बदलतो, पीक हंगामागणिक बदलते, बोजा चढतो व उतरतो. नमुना तोच राहतो. नमुन्यात बदल करावयाचा झाल्यास तो वरून, रीतसर व सर्वांसाठी एकाच वेळी करावा लागतो. वाक्याचा साचा व त्यात भरावयाचे मूल्य यांतील हा भेद विद्यार्थ्याने अचूक पकडला होता. प्रचलित चारही व्याख्यांत तो निसटतो.

शोधयोजना हा निकष होऊ शकतो काय?

‘डीबी टू’ या प्रणालीत प्रोग्रॅमची सिद्धता दोन वाटांनी होते. पूर्वसंकलक प्रोग्रॅममधील एसक्यूएल वाक्ये वेगळी काढतो. एका वाटेने उरलेला प्रोग्रॅम यंत्रभाषेत उतरतो. दुसऱ्या वाटेने वेगळी काढलेली वाक्ये ‘बाइंड’ या क्रियेतून जातात. त्या वेळी व्याकरण, तक्ते व अधिकार तपासले जातात, शोधयोजना आखली जाते आणि ‘पॅकेज’ या नावाने डेटाबेसमध्ये साठविली जाते. प्रोग्रॅम व पॅकेज एकाच सिद्धतेतून आलेले आहेत की नाहीत, याची खूणही दोहोंत ठेवलेली असते. प्रोग्रॅम नवा आणि पॅकेज जुने अशी विसंगती झाल्यास प्रणाली उणे ८१८ हा दोषांक देऊन काम थांबविते. येथवर तिसरी व्याख्या खरी वाटते.

परंतु याच प्रणालीत स्टॅटिक वाक्याची शोधयोजना, प्रत्यक्ष मूल्ये हाती आल्यावर, चालत्या प्रोग्रॅममध्ये नव्याने आखण्याची सोय आहे. तसेच वाक्यातील तक्ता बाइंडच्या वेळी अस्तित्वातच नसेल, तर तपासणी प्रोग्रॅम चालेपर्यंत पुढे ढकलण्याचीही मुभा आहे. या दोन्ही प्रसंगी शोधयोजना आधी तयार नसते. वाक्यास मात्र स्टॅटिकच म्हटले जाते. मूळ ‘सिस्टिम आर’मध्येसुद्धा एखादी सूची काढून टाकली, की तिच्यावर अवलंबून असलेली क्रमिका बाद होत असे व पुढील वापराच्या वेळी आपोआप पुन्हा तयार होत असे. योजना बदलली तरी वाक्य तेच राहिले.

आपल्या प्रयोगशाळांत बहुधा वापरल्या जाणाऱ्या ओरॅकल प्रणालीकडे पाहिले असता निकष अधिकच डळमळतो. ओरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत थेट लिहिलेले वाक्य स्टॅटिक मानले जाते. प्रोसीजर संकलित होताना वाक्याचे व्याकरण, तक्त्यांची व रकान्यांची नावे व अधिकार तपासले जातात. पुढे तक्त्याची रचना बदलल्यास ती प्रोसीजर अवैध ठरू शकते. तथापि शोधयोजना प्रोसीजरसोबत साठविली जात नाही. ती वाक्य प्रथम चालते तेव्हा आखली जाते व सामायिक स्मृतीत ठेवली जाते. म्हणजे ‘डीबी टू’तील स्टॅटिक व ओरॅकलमधील स्टॅटिक यांत योजनेच्या बाबतीत मोठे अंतर आहे.

उलट बाजूही पाहण्यासारखी आहे. डायनॅमिक वाक्यांच्या शोधयोजना स्मृतीत राखून ठेवून तेच वाक्य पुन्हा आल्यास त्या वापरण्याची सोय आज प्रमुख प्रणालींत आहे. त्यामुळे डायनॅमिक वाक्याची योजना प्रत्येक वेळी नव्याने आखली जाते व म्हणून ते संथ असते, हे विधान सरसकट करता येत नाही.

तक्ता निर्माण करणारी किंवा त्याची रचना बदलणारी वाक्ये स्टॅटिक असू शकत नाहीत, हा आणखी एक समज वर्गांत रूढ आहे. तो पीएल/एसक्यूएलपुरता खरा आहे. तेथे अशा वाक्यासाठी ‘एक्झिक्यूट इमिजिएट’ किंवा ‘डीबीएमएस एसक्यूएल’ या सोयींचा आश्रय घ्यावा लागतो. ‘डीबी टू’मध्ये मात्र तक्ता निर्माण करणारे वाक्यही स्टॅटिक रूपात पेरता येते. एका उत्पादनाची मर्यादा संज्ञेच्या अर्थात मिसळली, म्हणजे कसा घोटाळा होतो याचे हे उत्तम उदाहरण होय.

या सर्व प्रकारांत समान काय उरते? इतकेच, की वाक्याचा मजकूर प्रोग्रॅम चालण्यापूर्वी पूर्णत्वाने ठरलेला असतो आणि डेटाबेसच्या भाषेचा संकलक तो मजकूर एसक्यूएल म्हणून ओळखतो. मजकूर आधी ठरलेला असणे ही पहिली अट. त्याची ओळख आधी पटलेली असणे ही दुसरी. या दोन अटी पुऱ्या झाल्या की वाक्य स्टॅटिक. योजना, वेग, लवचीकता या गोष्टी त्यानंतरच्या आहेत. संगणकशास्त्रात ‘स्टॅटिक’ हे विशेषण ‘स्टॅटिक टायपिंग’, ‘स्टॅटिक लिंकिंग’ अशा जागी येते तेव्हाही ते काळाचेच विशेषण असते : प्रोग्रॅम चालण्यापूर्वी ठरलेले. गतीशी त्याचा संबंध नाही.

प्रश्न कोणाचा व अधिकार कोणाचा?

वाक्य आधी ठरलेले असण्याचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम वेगात दिसत नाही. तो अधिकारात दिसतो. पाठ्यक्रमात या बाजूस फारसे स्थान मिळत नाही, म्हणून तिचा थोडा विस्ताराने विचार करणे इष्ट ठरेल.

‘डीबी टू’मध्ये स्टॅटिक वाक्यासाठी तक्त्यावरील अधिकार पाहिला जातो तो पॅकेज बांधणाऱ्याचा. प्रोग्रॅम चालविणाऱ्याकडे केवळ ते पॅकेज चालविण्याचा अधिकार असला की पुरते. तक्त्यावर त्यास कोणताही थेट अधिकार देण्याची आवश्यकता नसते. डायनॅमिक वाक्याच्या बाबतीत सर्वसाधारणतः चालविणाऱ्याचाच अधिकार तपासला जातो. म्हणून त्यास तक्ताच खुला करून द्यावा लागतो. हा भेद मोठा आहे. तहसील कार्यालयातून सातबाऱ्याचा उतारा मिळविणाऱ्या शेतकऱ्यास उतारा मिळतो. दप्तराच्या कपाटाची किल्ली मिळत नाही. त्याने विचारावयाचा प्रश्न आधीच ठरलेला आहे व त्या प्रश्नापुरतेच उत्तर त्यास दिले जाते. स्टॅटिक वाक्य म्हणजे असा ठरलेला प्रश्न. ज्यास कोणताही प्रश्न रचण्याची मुभा द्यावयाची, त्यास किल्लीच द्यावी लागते.

म्हणून ‘स्टॅटिक’ या शब्दात एक जबाबदारी दडलेली आहे. वाक्याचा कर्ता कोण, हे स्टॅटिक पद्धतीत निश्चित सांगता येते. ज्या प्रोग्रॅमरने ते लिहिले तो त्याचा कर्ता. ज्याने ते बांधले तो त्याचा अधिकृत हमीदार. जो ते चालवितो तो केवळ रकाने भरणारा. डायनॅमिक पद्धतीत वाक्य चालत्या प्रोग्रॅममध्ये तुकड्या-तुकड्यांनी जोडले जाते व त्यांतील एखादा तुकडा अनोळखी माणसाने टंकलेला असू शकतो. अशा वाक्याचा कर्ता कोण, या प्रश्नास सरळ उत्तर उरत नाही.

हा केवळ तात्त्विक मुद्दा नव्हे. पूर्वीचेच उदाहरण घेऊन, गट क्रमांक चलाद्वारे न देता वाक्याच्या मजकुरालाच जोडला आहे असे समजू. मजकुराचा पहिला तुकडा ‘व्हेअर गट =’ येथे संपतो आणि पुढे वापरकर्त्याने टंकलेले अक्षर न्‌ अक्षर चिकटविले जाते. वापरकर्त्याने १२ असे टंकले तर ठीक. त्याने ‘१२ ऑर १ = १’ असे टंकले तर? एक बरोबर एक हे नेहमीच खरे असल्यामुळे अट नाहीशी होते व तक्त्यातील सर्व खातेदारांच्या नोंदी बाहेर पडतात. मूल्य म्हणून आलेला मजकूर येथे वाक्याचा भाग झाला. रकाना भरणाऱ्याने नवा रकानाच आखला. या हल्ल्याची पद्धत जेफ फॉरिस्टल यांनी १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ या इलेक्ट्रॉनिक नियतकालिकात मांडली. पुढे ती ‘एसक्यूएल इंजेक्शन’ या नावाने कुप्रसिद्ध झाली. स्टॅटिक वाक्यात हे संभवत नाही. गट क्रमांकाच्या चलात काहीही आले, तरी त्याकडे मूल्य म्हणूनच पाहिले जाते, कारण वाक्याची रचना त्यापूर्वीच पूर्ण झालेली असते.

येथे एक काळजी घेणे आवश्यक आहे. विद्यार्थी दोन प्रकारच ध्यानात ठेवतात. प्रत्यक्षात तीन आहेत. पहिला प्रकार, पूर्ण स्टॅटिक वाक्य. तिसरा, तुकडे जोडून केलेले वाक्य. या दोहोंमधील दुसरा प्रकार म्हणजे मजकूर पक्का, मूल्यांच्या जागी प्रश्नचिन्हे, परंतु वाक्य डेटाबेसकडे प्रोग्रॅम चालू असतानाच जाते. जावामधील ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ची नेहमीची पद्धत हीच. जावाच्या संकलकाच्या दृष्टीने ते वाक्य म्हणजे निव्वळ अक्षरांची माळ असते. त्यातील तक्त्याचे नाव चुकले तरी संकलक हरकत घेत नाही. म्हणून तांत्रिक अर्थाने ते डायनॅमिकच होय. तथापि साचा व मूल्य यांची फारकत त्यात पाळली जात असल्यामुळे इंजेक्शनपासून ते सुरक्षित राहते. डायनॅमिक म्हणजे धोकादायक, असे समीकरण शिकविणे म्हणूनच चूक ठरते. धोका डायनॅमिकपणात नाही. मूल्यास वाक्यात मिसळू देण्यात आहे.

स्टॅटिक पद्धतीच्या मर्यादा

चिकित्सेचा हेतू स्टॅटिक पद्धतीची भलामण करण्याचा नाही. तिच्या दोन मर्यादा ठळकपणे सांगितल्या पाहिजेत.

एक, आधी आखलेल्या शोधयोजनेस मूल्य ठाऊक नसते. पीकवार नोंदींच्या तक्त्यातून ‘पीक = :पीक’ या अटीवर शेतकरी शोधावयाचे आहेत असे समजू. जालना जिल्ह्यात चलात ‘कापूस’ आले तर तक्त्याचा मोठा भाग वाचावा लागेल, तेव्हा सूची न वापरता सरळ तक्ता वाचणे श्रेयस्कर. ‘मोसंबी’ आले तर तुलनेने थोड्या नोंदी निघतील, तेव्हा सूचीची वाट सोयीची. मूल्य न पाहता आखलेली एकच योजना या दोहोंस सारखीच लागू केली जाते व एका बाबतीत ती हमखास तोट्याची ठरते. मूल्ये हाती आल्यावर योजना पुन्हा आखण्याची जी सोय वर सांगितली, ती याच अडचणीतून आली.

दोन, प्रश्न आधी ठरविता येतोच असे नाही. एखाद्या संशोधकास आठ तालुक्यांतील नोंदींतून कधी तालुका व पीक, कधी क्षेत्र व सिंचनाचा प्रकार, कधी चारही अटी एकत्र अशा रीतीने शोध घ्यावयाचा असतो. प्रत्येक संयोगासाठी स्वतंत्र स्टॅटिक वाक्य लिहिणे अव्यवहार्य होय. तक्त्याचे किंवा रकान्याचे नावच ऐन वेळी ठरणार असेल, तर ते चलाद्वारे देताही येत नाही. कारण चल मूल्याची जागा घेते, नावाची नव्हे. अशा ठिकाणी डायनॅमिक पद्धत अपरिहार्य असते. मात्र मूल्ये चलांतून द्यावीत आणि तक्त्यांची व रकान्यांची नावे मान्य नावांच्या यादीशी ताडून मगच वाक्यात घ्यावीत, हे पथ्य तेथे पाळले पाहिजे.

अलीकडे या प्रश्नास नवे वळण मिळाले आहे. अनेक चौकटी प्रोग्रॅमरच्या नकळत एसक्यूएल वाक्ये रचतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने साध्या भाषेतील विचारणेवरून तत्क्षणी वाक्य तयार करून देतात. विद्यार्थी ते वाक्य उचलतो व चालवितो. वाक्य बहुधा बरोबर असते. परंतु ते कोणी, केव्हा व कोणाच्या अधिकाराने रचले, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अधिक तीव्र झाला आहे. पन्नास वर्षांपूर्वीची ही संज्ञा आज अप्रस्तुत वाटण्याऐवजी अधिक प्रस्तुत वाटावी, याचे कारण हेच.

मराठी पर्यायाचा विचार

वर्गात समजावून सांगताना ‘स्टॅटिक’साठी ‘स्थिर’ व ‘डायनॅमिक’साठी ‘गतिमान’ किंवा ‘गतिशील’ हे शब्द सहज तोंडी येतात. शालेय विज्ञानातील ‘स्थिर विद्युत’ ही संज्ञा त्यांच्या कानावरून गेलेली असते. परिणामी न हलणारे, न बदलणारे ते स्थिर, असा अर्थ मनात पक्का होतो आणि मग माहिती बदलत नाही ही चुकीची व्याख्या आपोआप तयार होते. वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या उत्तराचे मूळ बहुधा येथेच असावे. इंग्रजी शब्दाने दिलेली दिशाभूल आपण भाषांतरात जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. ‘गतिमान’ हा शब्द तर दुहेरी घातक आहे. विद्यार्थी त्याचा अर्थ वेगवान असा करतात आणि पुढच्याच वाक्यात, डायनॅमिक पद्धत संथ असते, असे त्यांना शिकवितो ते आपणच.

संज्ञा काळाची आहे, तर पर्यायही काळाचाच हवा. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘पूर्वरचित’ व ‘तत्कालरचित’ ही जोडी अधिक अर्थवाही ठरेल. पूर्वरचित प्रश्न म्हणजे प्रोग्रॅम चालण्यापूर्वी रचून झालेला. तत्कालरचित म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना रचला गेलेला. या जोडीत ‘रचना’ हा शब्द समान असल्यामुळे काय ठरलेले आहे, याबद्दल संदेह राहत नाही : ठरलेली असते ती वाक्याची रचना, मूल्य नव्हे, माहिती नव्हे, उत्तरही नव्हे. शिवाय ‘रचित’ म्हटले की ‘कोणी रचले?’ हा प्रश्न पाठोपाठ येतो, आणि अधिकाराची चर्चा तेथूनच सुरू करता येते. परीक्षेत मूळ इंग्रजी संज्ञा अर्थातच लिहावी लागेल. पण अर्थ मनात रुजावयाचा असेल तर तो या शब्दांतून अधिक सुलभपणे रुजेल.

निष्कर्ष

१. ‘स्टॅटिक एसक्यूएल’मध्ये माहिती, मूल्य, उत्तर किंवा शोधयोजना यांपैकी काहीही अनिवार्यपणे स्थिर नसते. प्रोग्रॅम चालण्यापूर्वी पूर्ण ठरलेला व संकलकास ज्ञात असलेला वाक्याचा मजकूर, एवढाच त्याचा गाभा होय.
२. शोधयोजना आधी तयार असणे हा काही प्रणालींचा विशेष आहे; तो संज्ञेचा निकष नव्हे.
३. वेग व लवचीकता यांच्या तुलनेने व्याख्येचे काम भागत नाही. साचा व मूल्य यांची फारकत आणि प्रश्नकर्त्याचा अधिकार या दोन गोष्टी अध्यापनाच्या केंद्रस्थानी आणणे आवश्यक आहे.
४. पूर्ण स्टॅटिक, पक्क्या मजकुराचे परंतु चालू असताना सिद्ध होणारे, आणि तुकडे जोडून केलेले, असे तीन प्रकार प्रात्यक्षिकासह शिकविले जावेत. तिसऱ्या प्रकारातील धोका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेतील सरावाच्या तक्त्यावर स्वतः पाहावा.
५. मराठीत समजावून देताना ‘स्थिर’ व ‘गतिमान’ यांऐवजी ‘पूर्वरचित’ व ‘तत्कालरचित’ हे पर्याय वापरावेत.

समारोप

आपल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा विद्यार्थी उद्या एखाद्या पतसंस्थेचा, बाजार समितीचा, रुग्णालयाचा किंवा महाविद्यालयाच्याच प्रवेशप्रक्रियेचा प्रोग्रॅम लिहिणार आहे. ज्यांच्या नोंदी त्या तक्त्यांत असतील, त्यांना स्टॅटिक व डायनॅमिक हे शब्द कधीही ऐकावयास मिळणार नाहीत. त्यांच्या नोंदी सुरक्षित राहतील की नाही, हे मात्र त्या विद्यार्थ्यास हा भेद समजला होता की केवळ पाठ होता, यावर अवलंबून राहील. पाठ असलेल्या व्याख्येस चार गुण आणि समजलेल्या अर्थास एक गुण देणारी परीक्षा आपण घेत असू, तर पुढील चुकांचा काही भाग आपल्या खात्यावरही लिहावा लागेल.

त्या विद्यार्थ्याचे गुण आता बदलता येणार नाहीत. त्याचे उदाहरण मात्र हा घटक शिकविताना दरवर्षी प्रथम फळ्यावर येते. सातबाऱ्याचा कोरा नमुना जालना जिल्ह्यातील बहुतेक विद्यार्थ्यांनी घरी पाहिलेला असतो. त्यावरून निघाले, की कम्पाइल टाइमपर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागत नाही.